पहिली रेघ

सूस, ता. मुळशी
गुरुवार, १८ जानेवारी २००७

प्रिय सृष्टी,

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. आपल्या गावचे, भऱ्याचे, गेणबा आमच्या सोसायटीत वॉचमन असल्यामुळे तिकडची खबर मला न विचारताही कळत असते, पण तिकडून कागद आला तो हा पहिलाच. पाकीट हातात देताना म्हणाले, "पंधरा किलोमीटरला टपाल कशाला लागतंय गं पोरी? वडापची जीप जातीया की रोज." मी पाकीट पर्समध्ये टाकलं. ते परत म्हणाले, "बरं, लिव्हा. माजा पगार तेवडा टपालखात्याला द्याया सांगा."

मी बरी आहे. बाणेरच्या ऑफिसात निर्यातीच्या कागदपत्रांचंच काम आहे, त्यामुळे नवीन शिकायला काही नाही. आत्याबाईंचा गुडघा कसा आहे? ते हिरव्या बाटलीतलं तेल संपलं असेल तर गेणबांपाशी निरोप दे. संक्रांतीला आले नाही. येणार होते, स्टॉपपर्यंत गेलेही होते.

तुझ्या दादाच्या आणि माझ्या जुन्या कंपनीने तुला डिस्पॅचला, म्हणजे माल रवाना करायच्या खात्यात, घ्यायचं म्हटलंय हे वाचून बरं वाटलं. फेब्रुवारीअखेरपर्यंत हो की नाही सांगायचंय, म्हणजे वेळ आहे. तू लिहिलंस की तिथे सगळे तोंडात इंग्रजी शब्द धरून बोलतात आणि तुला बावळटासारखं बसायचं नाही. तर सांगते. वहीत उतरवून घे.

शिपर म्हणजे माल पाठवणारा. इथे आपली कंपनी. कन्साइनी म्हणजे ज्याच्या नावाने माल जातो तो. तिसरा रकाना नोटिफाय पार्टीचा असतो. माल बंदरावर पोचला की ज्याला कळवायचं तो. तो मालाचा मालक असेलच असं नाही. अर्जावर 'अडचणीच्या वेळी कुणास कळवावे' असं लिहिलेलं असतं ना, तसं.

कंटेनर भरायला स्टफिंग म्हणतात. तुझ्या दादाला हा शब्द फार आवडायचा. भरली वांगी असली की म्हणायचा, आज स्टफिंग झकास झालंय.

एकाच पार्टीच्या मालाने अख्खा कंटेनर भरला तर तो एफसीएल. चार-पाच जणांचा थोडा थोडा माल एकात घातला तर एलसीएल. मामा दरवर्षी आपल्या मेंढरांबरोबर दोन-तीन घरांची मेंढरं चारायला नेतात, तसं समज. एलसीएलचा माल बंदराजवळच्या आवारात एकत्र करतात आणि वेगळा करतात. त्या आवाराला सीएफएस म्हणतात.

कट-ऑफ म्हणजे जहाजासाठी बंदराचं फाटक बंद व्हायची वेळ. ती चुकली की कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलतात. त्याला रोल ओव्हर म्हणतात. डिस्पॅचमध्ये सगळी धावपळ आणि सगळी भांडणं कट-ऑफपायी होतात. तिथे कुणी ओरडून बोललं तर मनाला लावून घेऊ नकोस, घड्याळाकडे बघ.

कंटेनरचा नंबर चार अक्षरं आणि सात आकड्यांचा असतो. यातला सातवा आकडा बाकीच्यांवरून हिशोब करून काढलेला असतो. कुणी लिहिताना एखादा आकडा चुकला तर तो जुळत नाही आणि चूक लगेच कळते. मला ही व्यवस्था पहिल्यापासून फार आवडते.

सील म्हणजे भरून झाल्यावर दाराला लावायचा लोखंडी खिळा. एकदा बसला की बसला. उघडायचं तर कापावा लागतो. सीलबद्दल एवढंच.

बाकीचे शब्द सोपे आहेत, तिथे गेल्यावर कळतील. जेवणाची सुट्टी संपली, इथेच थांबते. मामांना आणि आत्याबाईंना नमस्कार सांग. मामांनी माझ्याबद्दल काही विचारलं तर कळव. नाही विचारलं तरी कळव.

तुझी वहिनी,
हेमलता


सूस
शुक्रवार, २ फेब्रुवारी २००७

प्रिय सृष्टी,

तुझं पत्र येऊन सहा दिवस झाले. उत्तराला बसले की उठते. एक कागद ऑफिसात फाडला, एक घरी. हा तिसरा मी गच्चीवर उभ्याने, पाण्याच्या टाकीवर ठेवून लिहितेय. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

तू लिहिलंस, "वहिनी, टॅलीबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस, आणि मला तर तिथे टॅलीलाच बसवणार आहेत." बरोबर आहे तुझं. मी ते मुद्दाम गाळलं.

आणि मामांबद्दल तू लिहिलंस ते मी इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. मामांनी मेंढरं मोजायचं सोडलं. सांजेला मेंढरं कोंडायच्या जाळीच्या तोंडाशी आता तू नाहीतर आत्याबाई उभ्या राहता आणि मामा तिकडे पाठ करून बसतात. एक गाभण मेंढी भुकूमच्या बाजूला राहिली, ती दोन दिवस कुणाला कळलंच नाही. तू मोज म्हणालीस तर म्हणाले, "ज्याच्या पोराला चाळीस मोजता आल्या न्हाईत त्यानं दोनशे कशाला मोजायच्या?" आणि तुला म्हणाले, "त्या कामाला न्हाई जायाचं. आपल्या घरातली मोजणी गेली."

मी मामांना मोजताना फार वेळा पाहिलेलं नाही. लग्नाला दोन वर्षं झाली, त्यात वर्षातले सात-आठ महिने ते कळपाबरोबर बाहेर (यंदाच गेले नाहीत) आणि मी कामावर. पण तुझा दादा मामांबद्दल सांगायचा की आबांचं एकदा मोजलेलं दुसऱ्यांदा मोजावं लागत नाही. तो स्वतःबद्दलही तेच सांगायचा. फक्त हसत.

तुला एक शब्द राहिला तो सांगते. बिल ऑफ लेडिंग म्हणजे जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती. तिच्यावर छापलेलं असतं: 'शिपर्स लोड अँड काउंट'. म्हणजे माल भरला पाठवणाऱ्याने, मोजला पाठवणाऱ्याने, आम्ही आत पाहिलेलं नाही. पुढे सगळे, म्हणजे ट्रकवाला, बंदर, जहाज, कस्टम, तिकडचा खरेदीदार, त्या एका मोजणीवर चालतात. दार बंद झालं की परत कुणी मोजत नाही. ती मोजणी ज्या कागदावर होते तो कागद म्हणजे टॅली शीट. एक नग, एक रेघ. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी आडवी.

आता हेही लिहिते, कुणाला सांगू नकोस. अपघाताचा तो कंटेनर चौथ्या दिवशी नवीन सील लावून गेला. त्याचा नंबर मला पाठ आहे. जहाज कंपनीच्या वेबसाइटवर नंबर टाकला की कंटेनर कुठे आहे ते कळतं. मी रोज टाकते. सकाळी ऑफिसात गेल्यावर पर्स ठेवायच्या आधी. ऑक्टोबरात तो हॅम्बुर्गला उतरला, रिकामा झाला, मग दुसऱ्या कुणाचा माल घेऊन निघाला. आज कोलंबोला आहे. माझ्याबरोबर काम करणाऱ्या जान्हवीने परवा विचारलं, "हा आपला नाहीये ना? मग कशाला बघतेस?" मी म्हटलं, सवय. कधीतरी तो परत न्हावाशेवा बंदरात येईल. आला तर मी काय करणार आहे, मला माहीत नाही.

खाली गेणबांची ड्यूटी संपत आलीय, फाटकातून वर बघतायत. सृष्टी, मामांना सांग की... नको. तू काही सांगू नकोस. मीच लिहिते. आठवडाभरात लिहिते. तोवर कंपनीला नाही म्हणू नकोस.

हेमलता


सूस
शुक्रवार, ९ फेब्रुवारी २००७

ती. मामांना व आत्याबाईंना नमस्कार.

सृष्टी, गेणबांपाशी दिलेल्या या पाकिटावर तुझं नाव आहे पण पत्र मामांचं आहे. सांजेला मेंढरं आत घ्यायच्या आधी त्यांना वाचून दाखव. आत्याबाईंनाही बसव. मध्ये थांबू नकोस आणि काही गाळू नकोस, तुला कितीही वाटलं तरी.

मामा, तुम्ही दवाखान्याच्या पायरीवर विचारलं होतं, "मोजणी कुणाची चुकली?" साहेब म्हणाले, डिस्पॅचची. मग तुम्ही माझ्याकडे बघितलं आणि मी मान खाली घातली. तुम्ही त्याचा अर्थ 'आपल्या पोराची' असा लावलात, आणि "चाळीसच हुत्या नव्हं? चाळीस?" एवढंच म्हणालात. तेव्हापासून तुम्ही तेच धरून आहात.

माउलीची मोजणी चुकली नाही. पेट्या चाळीस होत्या. माउलीने चाळीस सांगितल्या होत्या. कागद माझा होता आणि कागदावर एकोणचाळीस होत्या.

आता पहिल्यापासून सांगते.

टॅलीला नेहमी दादासाहेब बसायचे, स्टोअरचे, पौडचे. तुम्ही त्यांना ओळखता. त्या दिवशी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. माउली माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "आज म्हातारा न्हाई. तू बसतीस का वहीला?"

मी म्हटलं, मला येतं.

"येतं? दोन वर्सं टेबलाखाली पाय घालून बसलीस. उनात ये, मग कळंल."

मला जायचंच होतं. दोन वर्षं मी त्याला चहाच्या सुट्टीत रोज एक शब्द सांगायचे, आणि तो माल चढवायच्या धक्क्यावर जाऊन तो शब्द सगळ्यांना ऐकवायचा. त्याचं काम मात्र मी कधी जवळून पाहिलं नव्हतं.

कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव लोखंडी भागांच्या, लाकडी पेट्या होत्या, एकेक साडेचारशे किलोची. खाली वीस, वर वीस. पेट्यांवर फक्त खरेदीदाराचं चिन्ह होतं, क्रमांक नव्हते, त्यामुळे मोजणी हाच आधार. मी धक्क्याच्या बाजूला स्टुलावर. मला कंटेनरच्या आतलं दिसत नव्हतं, फक्त तोंडाशी उभा माउली दिसत होता. फोर्कलिफ्टने पेटी आणायची, त्याने पेटीवर हात मारायचा आणि मनात मोजायचं, मी हाताच्या आवाजावर रेघ ओढायची, असं ठरलं. शेवटी तो आकडा सांगणार होता.

पहिली पेटी आली. त्याने तिच्यावर हात ठेवला, "लाभ" म्हणाला, हात कपाळाला लावला आणि माझ्याकडे बघून हसला.

मला वाटलं, काम सुरू करायच्या आधी नमस्कार केला. मी त्याच्या कामावर पहिल्यांदा आले म्हणून चांगलं काहीतरी म्हणाला असेल, असंही वाटलं. मी हसले आणि कागदाखालचा कार्बन सरळ करत बसले. वर बघितलं तेव्हा तो पेटीवर हात मारत होता. मी पहिली रेघ ओढली. ती दुसरी पेटी होती.

संपल्यावर तो म्हणाला, "चाळीस. कर सही." मी रेघा न मोजता सही केली. त्याने सील लावलं. कट-ऑफ संध्याकाळचा होता, गाडी लगेच निघाली.

पॅकिंग लिस्ट, म्हणजे पेट्यांची यादी, करायला बसले तेव्हा रेघा मोजल्या. पाच-पाच रेघांचे सात पंचे आणि वर चार. परत मोजल्या. माउलीला बोलावलं.

"एकोणचाळीस आहेत."

"चाळीस हायेत."

"कागदावर एकोणचाळीस आहेत, माउली."

"मग कागुद मेंढरानं खाल्ला आसंल. म्या मोजल्यात."

तो चेष्टा करत होता आणि मी नव्हते. मला वाटलं, हा माझ्या कामाची चेष्टा करतोय. तिथे दोन मुली होत्या, त्या हसल्या. मी उठले आणि साहेबांना सांगितलं. साहेबांनी गाडीला फोन लावला. गाडी भूगावच्या पुढे गेली होती, तिथून परत बोलावली.

वजनकाट्याची चिठ्ठी माझ्या समोरच्या ट्रेमध्ये होती, मामा. साडेचारशे गुणिले चाळीस. दोन मिनिटांचं काम होतं. मी दुसऱ्यांना शिकवते की आकडा जुळला नाही तर आधी काट्याची चिठ्ठी बघा. त्या दिवशी मी बघितली नाही. मला चिठ्ठी नको होती. दार उघडून माझा कागद खरा ठरायला हवा होता.

गाडी आली तेव्हा माउली रागात नव्हता. कटर घेऊन माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "चल, तुज्यासमोर मोजतो. मग रातच्याला भाकरी तू थापायची." दार एकदम उघडू नये म्हणून आधी त्याला पट्टा बांधायचा असतो. गाडीला रस्त्याने हिसके बसले की आतला माल दाराला टेकतो. हे त्यानेच मला सांगितलं होतं. त्या दिवशी त्याने पट्टा बांधला नाही. त्याला घाई झाली होती, आणि घाई मी लावली होती. त्याने सील कापलं, उजवं दार ओढलं. वरची पेटी दारालाच टेकलेली होती.

पुढचं तुम्हाला माहीत आहे.

पोलिसांनी संध्याकाळी सगळ्या पेट्या उतरवून मोजल्या. चाळीस भरल्या. मला तेव्हाच कळलं की माझा कागद चुकला. रेघ कुठे राहिली ते कळलं नव्हतं. मला वाटलं, मध्येच कुठेतरी लक्ष गेलं असेल. पण कागद चुकला एवढं नक्की माहीत होतं, आणि तरी मी तुम्हाला सांगितलं नाही. कंपनीच्या रिपोर्टात 'मोजणीतील तफावत' एवढे दोनच शब्द आहेत. कुणाची, ते लिहिलेलं नाही. त्यांना ते सोयीचं होतं. मलाही होतं.

मग तेराव्याचा आदला दिवस. सृष्टी, तुला आठवत असेल. मामा ओसरीवर जेवणाचे तांदूळ मोजत होते, पायलीने. मी तांदूळ धरायला गोणपाट पसरून बसले होते. मामा, तुम्ही पहिली पायली भरलीत, हात कपाळाला लावलात आणि "लाभ" म्हणालात. दुसरी ओतलीत तेव्हा म्हणालात, दोन.

मी आत्याबाईंना विचारलं, मामा पहिल्याला एक का म्हणत नाहीत? त्या म्हणाल्या, "पहिल्याला एक म्हनत्यात व्हय? लाभ म्हनायचं. दाणं आसूदे न्हाईतर मेंढरं. तुमच्याकडं न्हाई म्हनत?"

आमच्याकडे नाही म्हणत. अकोल्याला माझे वडील एसटीच्या ऑफिसात होते. धान्य किराणा दुकानातून किलोने यायचं. आमच्या घरात कधी कुणी काही मापाने मोजलंच नाही. मी जहाजाचे सगळे शब्द शिकले, परदेशी पार्टीचे शिकले, आणि ज्या घरात दोन वर्षं राहिले तिथे पहिलं माप कसं मोजतात ते मला माहीत नव्हतं. दादासाहेबांना माहीत होतं. ते त्या स्टुलावर असते तर पहिली रेघ बरोबर पडली असती.

ते ऐकलं आणि मी उठले. तुम्ही मला गोणपाट नीट धर म्हणालात, मी सोडून आत गेले. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग घेऊन निघाले. आत्याबाई पाठीमागून म्हणाल्या होत्या, "शिकलेली हाय, तिला काय इथं राहावणार." मी ते ऐकलं. उलट उत्तर दिलं नाही, कारण तेच कारण समजलं गेलं तर बरं, असं मला वाटलं. खरं कारण हे होतं की तुम्ही रोज सांजेला जाळीच्या तोंडाशी "लाभ" म्हणणार आणि मला ते ऐकावं लागणार.

आणि आता कळतंय की तुम्ही ते म्हणायचंच सोडलं आहे. मी पंधरा किलोमीटर दूर बसून तुमच्या तोंडचं तेही काढून घेतलं.

मी माफी मागत नाही. मागून काय होणार ते मला दिसत नाही. मला एवढंच हवंय की तुम्ही त्याची मोजणी चुकली असं मनात धरून बसू नका. तुमच्या मुलाने तुम्ही शिकवलं तसं मोजलं आणि बरोबर मोजलं. वस्तीवर, नातलगांत ज्याला ज्याला तुम्ही चाळिसाचं बोलला असाल त्याला हे पत्र सृष्टीकडून वाचून दाखवा. माझं नाव झाकू नका.

सृष्टीला कामावर जाऊ द्या. तिच्या हातून पहिली रेघ राहणार नाही. फक्त दार उघडायच्या आधी पट्टा बांधलाय की नाही हे तिने दर वेळी विचारावं, आणि कुणाचाही आकडा जुळला नाही तर आधी काट्याची चिठ्ठी बघावी. यापुढे तिला शिकवण्यासारखं माझ्यापाशी काही नाही.

पाकिटात त्या टॅली शीटची कार्बन कॉपी ठेवली आहे. वरची प्रत पोलिसांकडे आहे, ही माझ्यापाशी राहिली. पाच महिने पर्समध्ये असल्यामुळे घडी पडलीय, पण रेघा दिसतात. खाली माझी सही आहे. अगदी डावीकडे, पहिल्या पंच्याच्या आधी, थोडी कोरी जागा आहे. तिथे एक रेघ हवी होती. मी बऱ्याचदा पेन घेऊन बसले, पण ती मी आता ओढणं बरोबर नाही. सृष्टीचं पेन घ्या आणि तुम्ही ओढा. अक्षर यावं लागत नाही, मामा, नुसती उभी रेघ.

परवा रविवारी गेणबांबरोबर दिवस मावळायच्या आधी येते. मी जाळीपासून लांब, बाभळीपाशी उभी राहीन. मेंढरं तुम्हीच आत घ्या आणि तुम्हीच मोजा, मला ऐकू येईल असं. मला घरात घ्यायचं की परत पाठवायचं ते मोजणी झाल्यावर सांगा. मोजून होईपर्यंत मी जागची हलणार नाही.

माउलीची,
हेमलता